केडगावचे उज्जीवन आणि मुक्ती मंडळीची वाटचाल

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे स्थानक आहे. पेंटेकॉस्टल चळवळीचा जागतिक इतिहास लिहिणाऱ्यांना आज या गावाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील सभा एप्रिल १९०६ मध्ये सुरू झाल्या. केडगावच्या मुक्ती सदनात पवित्र आत्म्याचा वर्षाव झाला तो त्याआधी दहा महिने, जून १९०५ मध्ये. कोण आधी आणि कोण नंतर, हा वाद मंडळीच्या इतिहासात फारसा शोभत नाही. पण तारखा तारखाच असतात, आणि आपल्या तारखा आपण नीट सांगितल्या पाहिजेत.

मुक्तीचा इतिहास सांगताना एक अडचण नेहमी येते. तो पंडिता रमाबाईंच्या चरित्रात विरघळून जातो. देवदत्त नारायण टिळकांपासून अनेकांनी बाईंची चरित्रे लिहिली आहेत, आणि त्यांच्या विद्वत्तेविषयी मराठी वाचकाला नव्याने सांगण्यासारखे थोडे. या लेखात बाई येतील, येणारच. पण हा इतिहास मंडळीचा आहे. दुष्काळातून आलेल्या, अंगावर धड लुगडे नसलेल्या ज्या मुलींनी ही मंडळी उभी केली त्यांचाही तो तितकाच आहे.

मुंबई आणि पुणे (१८८९ ते १८९६)

११ मार्च १८८९ रोजी बाईंनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. उद्घाटनाच्या सभेचे अध्यक्षपद काशीबाई कानिटकरांकडे होते. उच्चवर्णीय बालविधवांना शिकवून स्वतःच्या पायावर उभे करावे, हा हेतू. पैसा अमेरिकेतून येई. बॉस्टनला १८८७ च्या अखेरीस स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले होते. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, ज्या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९० मध्ये सदन पुण्याला हलले.

सदनात धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती. मात्र बाईंच्या खोलीचे दार उघडे असे, आणि त्यांच्या सकाळच्या प्रार्थनेला काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून पुण्यात मोठे वादळ उठले, सल्लागार मंडळातील मान्यवरांनी राजीनामे दिले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादावर महाराष्ट्रात इतकी शाई खर्ची पडली आहे की या स्मरणिकेने त्यात भर घालण्याचे कारण नाही. ज्यांनी राजीनामे दिले त्यांनीही सदनाच्या पायाभरणीत हात लावला होता, हे मात्र कृतज्ञतेने नोंदवायला हवे.

याच काळात बाईंनी एक अगदी व्यवहारी निर्णय घेतला. अमेरिकेची दहा वर्षांची मुदत १८९८ ला संपणार, पुढे काय? फळबाग करावी, तिच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा विचार करून त्यांनी केडगावजवळ सुमारे शंभर एकर जमीन घेतली. संत्री, लिंबे, आंबे लावायचे ठरले आणि विहिरी खोदण्यास आरंभ झाला. तिथे दोन हजार जिवांचे गाव वसेल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

दुष्काळाचे दशक (१८९६ ते १९०४)

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंनी दुष्काळ पुस्तकात वाचलेला नव्हता. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली होती, आणि त्या भावासोबत अनवाणी गावोगाव फिरल्या होत्या. बाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा घेऊन परतल्या. त्यांच्या सहकारी सुंदराबाई पवार यांची या कामातली साथ मोलाची होती.

त्याच वेळी पुण्यात प्लेग शिरला. सरकारी निर्बंधांमुळे इतक्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगावच्या रानात तंबू आणि छपरे पडली. फळबागेची जमीन वस्तीची जमीन झाली ती अशी. सप्टेंबर १८९८ मध्ये मुक्ती सदनाचे रीतसर समर्पण झाले. १८९९ मध्ये मोठ्या मंदिराचा पाया घातला गेला. क्रुसाच्या आकाराची ही इमारत त्या वेळच्या वस्तीच्या मानाने कितीतरी मोठी होती. एवढे मंदिर भरणार कशाने, असे कोणाला वाटले असेल तर उत्तर लगेचच मिळाले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळाने आणखी हजारावर मुली केडगावला आल्या आणि मुक्तीची लोकसंख्या सुमारे दोन हजारांपर्यंत गेली.

दोन हजार माणसे म्हणजे रोजचा किती शिधा, किती पाणी, किती जळण, याचा हिशोब घर चालवणाऱ्या कोणालाही करता येईल. येणाऱ्या मुली आजारी होत्या, बिथरलेल्या होत्या, काही अन्न लपवून ठेवत, काही पळून जात. मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषांची सरमिसळ होती. त्यांना माणसात आणण्याचे काम आधीच्या वर्षी आलेल्या मुलींनी केले. एकीने दुसरीला न्हाऊ घालायचे, दुसरीने तिसरीला अक्षर शिकवायचे, हीच मुक्तीची शिक्षणपद्धती होती. विणकाम, शिवण, शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा आणि छापखाना अशी कामे उभी राहिली. बायकांनी खिळे जुळवावेत आणि यंत्र चालवावे, हे त्या काळी पाहुण्यांना दाखवण्यासारखे नवल होते.

संस्थेच्या शाखाही याच दशकात वाढल्या. शारदा सदन शाळा म्हणून चालूच राहिले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध व दुर्बल स्त्रियांसाठी प्रीती सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन, अंधांसाठी बार्तीमी सदन. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याचे काम बाईंची कन्या मनोरमाबाई यांनी अंगावर घेतले. जवळच दौंडला आल्बर्ट नॉर्टन अनाथ मुलांसाठी असेच घर चालवत, आणि दोन्ही संस्थांचा शेजार प्रार्थनेचाही होता.

१८९८ मध्येच मिनी एब्रम्स मुक्तीत आल्या. त्या अमेरिकेच्या मेथडिस्ट मिशनच्या. १८८७ पासून मुंबईत काम केलेल्या, मराठी येणाऱ्या, शिकागोच्या प्रशिक्षण शाळेत तयार झालेल्या. बाई अमेरिकेला गेल्या असताना मुक्तीचा संसार त्यांनी सांभाळला. पुढच्या घटनांत त्यांचा वाटा इतका मोठा आहे की त्यांच्याविना हा इतिहास अर्धाच राहील.

उज्जीवन (१९०५ ते १९०७)

उज्जीवन अकस्मात आले असे सांगण्याची प्रथा आहे. वस्तुस्थिती अशी की त्याची तयारी दोन वर्षे चालली होती. १९०३ मध्ये बाईंनी मनोरमाबाई आणि मिस एब्रम्स यांना ऑस्ट्रेलियाला पाठवले. तेथे मोठ्या सुवार्तिक सभा झाल्या होत्या आणि त्यामागे घरोघरच्या प्रार्थना-मंडळांचे जाळे होते. ते कसे चालते हे दोघी पाहून आल्या. पुढे वेल्सच्या उज्जीवनाच्या बातम्या आल्या. जानेवारी १९०५ मध्ये बाईंनी मुक्तीत विचारले, रोज एकत्र जमून उज्जीवनासाठी प्रार्थना करायला कोण तयार आहे? सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेच्या घरात गेली होती आणि सभा दिवसातून दोनदा होऊ लागली. गावोगाव जाऊन शुभवर्तमान सांगण्यासाठी शाळेचा अभ्यास बाजूला ठेवायला कोण तयार आहे, असेही बाईंनी विचारले. त्यासाठी तीस तरुणी उभ्या राहिल्या.

२९ जूनच्या पहाटे एका खोलीत एक मुलगी झोपेतून उठून मोठ्याने प्रार्थना करू लागली. आपल्या अंगावर अग्नी उतरल्याचे ती सांगत होती. शेजारच्या मुलीला खरोखरच ज्वाळा दिसल्या आणि ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. पाणी ओतणार, एवढ्यात तिच्या लक्षात आले की मुलगी जळत नाही. मिस एब्रम्स यांनी ही हकिकत लिहून ठेवली आणि ती पुढे जगभर छापली गेली. आम्हाला तिच्यातली बादली विशेष प्रिय आहे. पेन्टेकॉस्टच्या दिवसाची आठवण सांगणारे पुष्कळ असतात. शेजारणीला वाचवायला पाणी घेऊन धावणारी मुलगी मुक्तीत घडली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई योहानाच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायावर बोलत होत्या. त्यांचे बोलणे पुरे होऊ शकले नाही. सगळ्या मुली एकदम मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. पापाची कबुली, रडणे, क्षमा मागणे, मग गाणे, टाळ्या, आनंद. कित्येक दिवस शाळेचे तास बंद राहिले. चोरी केलेल्या मुलींनी वस्तू परत आणून दिल्या आणि भांडलेल्यांनी एकमेकींचे पाय धरले.

काही पाहुण्यांना हा गलबला रुचला नाही. एकाच वेळी सर्वांनी मोठ्याने प्रार्थना करावी, हे शिस्तशीर उपासनेची सवय असलेल्या कानांना जड गेले. बाईंची भूमिका स्पष्ट होती. हिंदुस्थानातल्या मुलींना देव त्यांच्या रीतीने हसू-रडू देत असेल तर त्यांना पाश्चात्य मंडळीची शिस्त लावण्याचा अधिकार कोणाला? कीर्तन, टाळ आणि देशी चाली मुक्तीत आधीपासूनच होत्या. उज्जीवनाने त्यांना बळ दिले.

नंतर सुरू झालेले काम या सभांहूनही महत्त्वाचे होते. प्रार्थना करणाऱ्या सुमारे सातशे मुलींच्या टोळ्या पाडल्या गेल्या आणि रोज साठेक जणी पाळीपाळीने आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या. बाई स्वतः एक टोळी घेऊन पुण्याला गेल्या. मिस एब्रम्स मराठी मुलखातल्या इतर मिशन केंद्रांत मुलींना घेऊन गेल्या. जिथे गेल्या तिथे स्थानिक मंडळीत जागृती झाली, मग ती मंडळी कोणत्याही मिशनची असो. ‘मुक्ती प्रेअर बेल’ या पत्रकातून वार्ता बाहेर जात, आणि बाहेरून पत्रांनी आलेली शेकडो नावे मुलींना वाटून दिली जात. प्रत्येकीने आपल्या यादीतल्या माणसांसाठी रोज प्रार्थना करायची. ही याद्यांची पद्धत सांगायला साधी वाटते, पण तिने केडगावच्या मुलींना, ज्यांनी स्टेशनापलीकडचे जग क्वचितच पाहिले होते, दूरदूरच्या देशांतल्या माणसांचे मध्यस्थ केले.

१९०६ च्या जूनमध्ये मिस एब्रम्स यांची ‘पवित्र आत्म्याचा व अग्नीचा बाप्तिस्मा’ या विषयावरची इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी मुक्तीत अन्य भाषांत बोलण्याचे वरदानही दिसू लागले, तेव्हा वर्षअखेरीच्या आवृत्तीत त्यांनी त्याविषयी भर घातली. १९०७ च्या आरंभी अझुसा स्ट्रीटहून आल्फ्रेड आणि लिलियन गार हे दांपत्य कलकत्त्याला पोहोचले, आणि दोन उज्जीवनांची हिंदुस्थानात गाठ पडली.

अन्य भाषा हे आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे अनिवार्य चिन्ह मानावे की नाही, यावर त्या काळी देशभरच्या मिशनऱ्यांत मतभेद झाले. मुक्तीत ते विकोपाला गेले नाहीत, याचे श्रेय बाईंच्या संयमाला आहे. वरदान खरे आहे, पण ते सर्वांना मिळालेच पाहिजे असे नाही. प्रीती हीच खूण, असे त्यांनी ‘प्रेअर बेल’मध्ये लिहिले. त्यांनी नवा पंथही काढला नाही. मुक्ती सर्व मंडळ्यांसाठी खुली राहिली, आणि म्हणूनच आज महाराष्ट्रातल्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांप्रमाणे इतर अनेक मंडळ्याही तिला आपले माहेर समजतात.

सातासमुद्रापलीकडे (१९०८ ते १९१४)

मिस एब्रम्स यांची शिकागोतली एक सहाध्यायिनी मे हूवर चिलीत होती. तिचे पती विलिस हूवर वालपराइसो बंदरात मेथडिस्ट मंडळीचे पाळक होते. १९०७ मध्ये त्यांच्या हाती ही पुस्तिका पडली. हिंदुस्थानातल्या अनाथ मुलींना जे मिळाले ते आपल्याला का मिळू नये, या प्रश्नाने ती मंडळी प्रार्थनेला बसली आणि १९०९ मध्ये तेथे उज्जीवन झाले. १९१० मध्ये हूवर आणि त्यांचे सहकारी मूळ मिशनमधून बाहेर पडले व चिलीची मेथडिस्ट पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली. दक्षिण अमेरिकेतल्या एका बलाढ्य चळवळीच्या मुळाशी केडगाव आहे. आपल्याकडच्या रविवारच्या शाळेत मुलांना अझुसा स्ट्रीटचे नाव सांगितले जाते, वालपराइसोचे नाही, याची खंत येथे नोंदवून ठेवतो.

मिस एब्रम्स स्वतः अमेरिकेत सभा घेत फिरल्या आणि १९१० मध्ये काही अविवाहित स्त्रियांना घेऊन परतल्या. जिथे शुभवर्तमान पोहोचले नाही तिथे जायचे, या निश्चयाने त्यांनी बेसालेल सुवार्ता मिशन स्थापन केले. केवळ स्त्रियांनी चालवलेले हे पेंटेकॉस्टल मिशन नेपाळच्या सीमेलगत संयुक्त प्रांतातल्या उसका बाजार आणि बस्ती भागात काम करू लागले. डिसेंबर १९१२ मध्ये मिस एब्रम्स तेथेच प्रभूमध्ये निजल्या. हिंदुस्थानातल्या पंचवीस वर्षांपैकी त्यांची उमेदीची बहुतेक वर्षे मराठी मुलखात गेली होती. आणखी दोन वर्षांनी, १९१४ मध्ये, अमेरिकेत असेंब्लीज ऑफ गॉडची स्थापना झाली. त्या मंडळीच्या हिंदुस्थानातील आरंभीच्या कामाला उत्तरेत जी जमीन तयार मिळाली, ती मशागत करणाऱ्यांत मुक्तीतून गेलेल्यांचे हात होते.

बायबल आणि दोन मृत्यू (१९१५ ते १९२४)

उज्जीवनाच्या धामधुमीतही बाईंचे एक काम अखंड चालू होते. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, असे त्यांचे मत होते. नवा करार आधी निघाला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. मुद्रणाचे सगळे काम मुक्तीच्या छापखान्यात मुक्तीच्याच बायकांनी केले. एका स्त्रीने भाषांतरलेले आणि स्त्रियांनी छापलेले बायबल, याला जगात फारशा जोड्या सापडणार नाहीत.

१९१९ मध्ये सरकारने बाईंना कैसर-इ-हिंद पदक दिले. मनोरमाबाईंनी निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला मुलींची शाळा उघडली होती आणि मुक्तीची पुढची जबाबदारी त्यांच्याकडे येणार, असे सर्व गृहीत धरून होते. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई चाळिशीतच गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनीही देह ठेवला. नऊ महिन्यांत दोन खांब गेले. संस्थेचा कारभार लिसा हेस्टी यांच्याकडे आला.

मधली दशके

१९२२ नंतरची दशके सांगायला सोपी नाहीत, कारण त्यांत बादलीसारखी गोष्ट नाही. शाळा चालली, दवाखाना चालला, शेती चालली. मुली आल्या, शिकल्या, परिचारिका, शिक्षिका, बायबल स्त्रिया झाल्या, लग्न होऊन पुणे, अहमदनगर, सोलापूर, मुंबई अशा ठिकाणी गेल्या. स्वातंत्र्यानंतर जबाबदाऱ्या हळूहळू भारतीय हातांत आल्या. संस्थेचे नाव पंडिता रमाबाई मुक्ती मिशन असे रूढ झाले. अडचणी आल्या, पैशाच्या आल्या, कधी मनांच्याही आल्या. प्रभूच्या कृपेने काम थांबले नाही. या काळातल्या कार्यकर्त्यांची नावे वेगळ्याने देत नाही, कारण एकाचे घेतले की दहांचे राहून जाते.

महाराष्ट्रातल्या पेंटेकॉस्टल चळवळीने या काळात नवी वळणे घेतली. केरळ आणि तमिळनाडूहून आलेल्या कुटुंबांनी मुंबई-पुण्याच्या रेल्वे वसाहतींत आणि कारखान्यांच्या परिसरात मंडळ्या सुरू केल्या. त्यांत मराठी सभा वाढत गेल्या. १९७० च्या दशकात कॅथलिक मंडळीतही आत्म्याच्या नूतनीकरणाची चळवळ आली. चाळीतल्या एका खोलीत आणि भाड्याच्या शाळेत भरणाऱ्या मंडळ्या पुढे बहुसंख्य झाल्या. यांतल्या अनेकांना केडगावचे नाव ठाऊक नसते. पण सर्वांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करायची, डफ-ढोलकीवर गायचे, आणि साक्ष देण्यासाठी सर्वांत मागे बसलेल्या बाईला पुढे बोलवायचे, ही रीत मराठी भूमीवर आधी केडगावात गाजली होती.

२६ ऑक्टोबर १९८९ रोजी भारतीय टपाल खात्याने रमाबाईंचे तिकीट काढले. शारदा सदनाला तेव्हा शंभर वर्षे झाली होती.

आजची मुक्ती

निराधार मुली आणि स्त्रियांचा सांभाळ हे आजही मुक्तीचे मुख्य काम आहे. मुली लहान लहान कुटुंबांसारख्या गटांत, गृहमातेच्या देखरेखीखाली वाढतात. शाळा, रुग्णालय, दिव्यांग आणि वृद्ध स्त्रियांचा सांभाळ चालू आहे. बाईंच्या वापरातल्या वस्तू आणि त्यांचे बायबल पाहायला अभ्यासक येतात. अलीकडे परदेशी विद्यापीठांतले संशोधक ‘प्रेअर बेल’चे अंक शोधत येतात, हे जरा उशिरा का होईना, चांगलेच आहे. मोठ्या मंदिरात उपासना होते. मराठी गाणी होतात, आणि त्यांत नारायण वामन टिळकांची असणारच.

या इतिहासात एक मोठी उणीव आहे आणि ती या लेखाने भरून निघत नाही. १९०५ च्या अहवालांत मिशनरी स्त्रियांची नावे सापडतात, मुलींची क्वचितच. ज्या तीस तरुणी शाळा सोडून खेड्यांत गेल्या त्या कोण होत्या? पहाटे उठलेली मुलगी कोण, बादली घेऊन धावलेली कोण? स्मरणिका समितीची वाचकांना विनंती आहे की आपल्या घरात आजी, पणजी मुक्तीतून आलेली असेल, तर तिचे नाव, ती कोणत्या गावाहून आली, तिचे कोणाशी लग्न झाले, तिने सांगितलेल्या आठवणी, जुने छायाचित्र असल्यास त्याची प्रत, संस्थेच्या कार्यालयात आणून द्यावी. बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर जन्म आणि बाप्तिस्म्याच्या तारखा लिहून ठेवायची आपल्या घरांत पद्धत होती. तेही पान पाहावे. मिळालेली माहिती पुढील अंकात पुरवणी म्हणून छापण्याचा विचार आहे.